बाजाराची वाट विचारणारा सहाबी

इसवी सन ६२२ मध्ये मक्केतले मुसलमान एकेक, दोघे-दोघे करून उत्तरेकडच्या यसरिब या गावी पोहोचू लागले. हेच गाव पुढे मदिना म्हणून ओळखले गेले. वाळवंटातला चारशेहून अधिक किलोमीटरचा रस्ता तुडवून आलेल्या या लोकांचे घरदार, गल्ला, येणी-देणी सारे मागे मक्केत राहिले होते. अंगावरचे कपडे आणि हातातले कसब एवढेच काय ते बरोबर आले. इस्लामच्या इतिहासात त्यांना मुहाजिर म्हणतात आणि मदिनेतल्या ज्या लोकांनी त्यांना आपल्या घरात घेतले त्यांना अन्सार, म्हणजे मदतनीस.

पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी आल्याआल्या एक व्यवस्था लावून दिली. एकेका मुहाजिराला एकेका अन्साराचा भाऊ ठरवले. नुसता मानलेला भाऊ नव्हे, घासातला घास देणारा भाऊ. या व्यवस्थेत खजरज टोळीतले सधन गृहस्थ हजरत साद बिन रबी यांच्या वाट्याला आलेले भाऊ होते हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.). साद यांनी मन मोठे करून आपल्या सगळ्या मालमत्तेचा निम्मा वाटा नव्या भावापुढे ठेवला. अब्दुर्रहमान यांनी त्यांना बरकतीची दुआ दिली, निम्मा वाटा नम्रपणे नाकारला आणि गावात बाजार कुठे भरतो तेवढे दाखवा, अशी विनंती केली.

साद यांनी बनू कैनुका या ज्यू टोळीच्या बाजाराची वाट दाखवली. अब्दुर्रहमान तिकडे गेले आणि परतले ते थोडे वाळवलेले दही आणि थोडे तूप घेऊन. तो त्यांचा मदिनेतला पहिला नफा. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, तिसऱ्या दिवशी पुन्हा. हदीसच्या सर्वांत विश्वसनीय मानल्या जाणाऱ्या बुखारींच्या संग्रहात हा प्रसंग नोंदलेला आहे, आणि चौदाशे वर्षे मुसलमानांच्या घरांत तो मुलांना सांगितला जातो. सांगताना बहुधा स्वाभिमानावर भर असतो. तो आहेच. पण त्या दही-तुपाकडेही जरा थांबून पाहायला हवे.

हे अब्दुर्रहमान कोण होते? जन्म इसवी सन ५८०च्या सुमाराचा, मक्केत, कुरैश जमातीच्या बनू जुहरा घराण्यात. पैगंबरांच्या मातोश्री हजरत आमिना याच घराण्यातल्या. वडील औफ व्यापारी. येमेनच्या वाटेवर व्यापाराच्या प्रवासातच त्यांची हत्या झाली. मुलाचे मूळ नाव अब्द अम्र. हजरत अबूबकर (रजि.) यांच्या सांगण्यावरून त्यांनी इस्लाम स्वीकारला, सर्वांत आधी इस्लाम स्वीकारणाऱ्या आठ जणांत ते होते, आणि पैगंबरांनी त्यांचे नाव बदलून अब्दुर्रहमान, म्हणजे परमदयाळू अल्लाहचा दास, असे ठेवले. मक्केतला छळ वाढला तेव्हा लाल समुद्र ओलांडून हबशा, म्हणजे आजच्या इथिओपिया-इरिट्रियाच्या भागात, गेलेल्यांमध्येही ते होते. मदिनेत आले तेव्हा वय चाळिशी ओलांडलेले. नव्याने धंदा मांडायला हे वय फारसे सोयीचे नसते.

व्यापार मात्र रक्तात होता. मक्का हे शेतीचे गाव नव्हतेच. दगडी डोंगरांमधल्या त्या वस्तीत पिकत काहीच नसे. उन्हाळ्यात शामकडे, म्हणजे आजच्या सीरियाकडे, आणि हिवाळ्यात येमेनकडे जाणाऱ्या उंटांच्या काफिल्यांवर तिचे पोट चालत असे. मदिनेचे उलट. तिथे खजुराच्या बागा, विहिरी, जव आणि आजूबाजूच्या माळरानावर शेळ्या-मेंढ्या-उंट चारणाऱ्या बदावी टोळ्या. मक्केच्या माणसाकडे व्यापाराची नजर होती, मदिनेत माल होता. अब्दुर्रहमान यांनी या दोहोंची गाठ घातली.

आता ते दही. अरबीत त्याला अकित म्हणतात. ताक आटवून, त्यातले पाणी निथळू देऊन, उरलेल्या चक्क्याचे गोळे उन्हात कडकडीत वाळवायचे. असे गोळे महिनोन्‌महिने टिकतात, प्रवासात तसेच चघळता येतात, पाण्यात कालवून कालवणात घालता येतात. आजही अरबस्तानात ते विकले जातात. आणि तूप. हिजाजच्या उन्हाळ्यात लोणी काही तास टिकत नाही, लोणकढे तूप मात्र कातडी बुधल्यात वर्षभर राहते. दुधाचा धंदा करणाऱ्याला नासाडीची धास्ती असते. अब्दुर्रहमान यांच्या हाती आलेले दुधाचे दोन्ही पदार्थ न नासणारे होते. शिवाय बदाव्याला ते विकायचेच असतात आणि शहरातल्या प्रत्येक घराला ते लागतातच. गिऱ्हाईक शोधत फिरावे लागत नाही. मोठे भांडवल अडकत नाही. सकाळी घेतले, संध्याकाळपर्यंत विकले, उद्याच्या मालाचे पैसे हातात. ज्याच्याकडे काहीच नाही अशा माणसाने नव्या गावात कोणत्या धंद्यात शिरावे, याचे याहून नेमके उत्तर सापडणे अवघड आहे. जवाहिऱ्यांच्या त्या बाजारात, कारण कैनुका टोळी सोनारकामासाठी प्रसिद्ध होती, त्यांनी सोन्याकडे पाहिले नाही. स्वयंपाकघरात रोज लागणारी वस्तू निवडली.

काही दिवसांनी ते पैगंबरांपुढे आले तेव्हा कपड्यांवर पिवळसर सुगंधी द्रव्याचा डाग होता. नवरदेवाची खूण. चौकशी केल्यावर कळले की त्यांनी एका अन्सारी स्त्रीशी निकाह केला आहे आणि महर म्हणून खजुराच्या बीएवढे सोने दिले आहे. पैगंबरांनी दुआ दिली आणि एक बकरी का होईना कापून वलीमा, म्हणजे लग्नाचे जेवण, द्यायला सांगितले. निम्मी मालमत्ता नाकारणारा माणूस आता स्वतःच्या कमाईतून चूल मांडत होता आणि गावाला जेवायला बोलवत होता.

त्या काळच्या मदिनेच्या बाजाराबद्दल थोडे सांगायला हवे, नाहीतर पुढचे नीट समजणार नाही. जुन्या वृत्तांतांनुसार पैगंबर येण्यापूर्वी तिथे मापात पाप बोकाळलेले होते. घेताना भरभरून मोजून घ्यायचे, देताना हात आखडायचा. कुरआनमधला मुतफ्फिफीन हा अध्याय अशा माप मारणाऱ्यांवरच कोरडे ओढतो. पैगंबरांनी मुसलमानांसाठी वेगळा बाजार आखून दिला. तिथे जागेचे भाडे नाही, कर नाही, कुणाची कायमची ओटी नाही. सकाळी जो आधी येईल त्याने बसावे, उठेपर्यंत ती जागा त्याची. म्हणजे दोन बुधले तूप घेऊन आलेल्या नवख्यालाही बड्या व्यापाऱ्याइतकीच जागा.

नियम हळूहळू येत गेले, आणि त्यांतले बरेचसे धान्य-किराण्याशी निगडित होते. एकदा पैगंबरांनी धान्याच्या राशीत हात घातला तो आत बोटांना ओल लागली. पावसात भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. मग भिजलेले वर ठेवायचे होते, गिऱ्हाइकाला दिसले असते, असे सांगून फसवणाऱ्याशी आपला संबंध नाही हे त्यांनी स्पष्ट केले. खाण्याचा माल मापून ताब्यात घेतल्याशिवाय पुढे विकायचा नाही, म्हणजे नुसत्या कागदावरचे सौदे बंद. गावाबाहेर जाऊन काफिला गाठायचा आणि बाजारभाव माहीत नसलेल्या खेडुताकडून माल स्वस्तात उचलायचा, तेही बंद. साठेबाजीला बंदी. मात्र एकदा भाव चढले आणि लोकांनी दर ठरवून द्या म्हटले, तेव्हा पैगंबरांनी दर बांधायला नकार दिला. फसवणूक नको, अडवणूक नको, पण भाव बाजारातच ठरू दे. आडत, दलाली, भिजलेला माल वर-खाली करणे हे ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना या यादीत सातव्या शतकातले काही वाटणार नाही.

अशा बाजारात अब्दुर्रहमान वाढले. त्यांची पद्धत काय होती, याबद्दल इमाम गजाली यांनी आपल्या इह्या उलूमुद्दीन या ग्रंथात एक वृत्तांत दिला आहे. संपत्तीचे रहस्य विचारले असता अब्दुर्रहमान यांनी तीन गोष्टी सांगितल्या, असा त्याचा आशय. कितीही लहान नफा असो, तो त्यांनी कधी परत पाठवला नाही. कुणी जनावर मागितले तर भाव चढण्याची वाट पाहत विक्री लांबवली नाही. आणि उधारीवर विकले नाही.

तिसऱ्या गोष्टीबद्दल गैरसमज नको. इस्लाममध्ये व्याज निषिद्ध आहे, उधार विक्री निषिद्ध नाही. उधारी टाळणे हा त्यांचा धंद्यातला निर्णय होता. किराणा दुकानात आज रोख उद्या उधार ही पाटी का लागते, ते ज्याचे भांडवल वहीत अडकून पडले आहे त्यालाच कळते. खाण्याच्या वस्तूंवर नफा बारीक असतो. तो फिरत्या पैशावर मिळतो, थांबलेल्यावर नाही.

याच ग्रंथात हजार उंटांचा किस्सा आहे. अब्दुर्रहमान यांनी एकदा हजार उंट विकले, आणि तेही घेतलेल्या भावालाच. नफा शून्य. फक्त उंटांचे गुडघे बांधायची दावी त्यांनी आपल्याकडे ठेवली. एकेक दावे एकेका दिरहमला विकले, हजार दिरहम आले. शिवाय त्या दिवशी उंट गोठ्यात राहिले असते तर हजार दिरहमचा चारा लागला असता, तो वाचला. झाले दोन हजार. आकडे गोल आहेत, किस्सा सांगून सांगून घासलेला असणार, पण त्यातला हिशेब खऱ्या दुकानदाराचा आहे. माल पडून राहण्याचाही खर्च असतो, हे ज्याला उमजते तो चढ्या भावाची वाट पाहत बसत नाही. आणि घेणाऱ्यांना खरेदीच्या भावात उंट मिळाले, ते पुन्हा कुणाकडे येणार होते हे सांगायला नको.

दगड उचलला तरी खाली सोने-चांदी सापडेल असे आपल्याला वाटते, असे ते पुढे सांगत असत. आपल्याकडे हात लावेल तिथे सोने म्हणतात तसे. ते मात्र त्याचे श्रेय पैगंबरांच्या बरकतीच्या दुआला देत.

व्यापार म्हणजे भरवसा, आणि भरवशाची परीक्षा सोप्या दिवसांत होत नाही. अब्दुर्रहमान यांच्यावर ती वेळ लवकरच आली. मक्केत त्यांची काही मालमत्ता उरली होती. तिची देखभाल कोण करणार? त्यांनी मक्केतला आपला जुना मित्र उमय्या बिन खलफ याच्याशी लेखी करार केला. उमय्याने मक्केत त्यांच्या मालाची राखण करायची, त्यांनी मदिनेत उमय्याच्या मालाची. उमय्या हा इस्लामचा कट्टर विरोधक. करारात अब्दुर्रहमान हे नाव पाहून तो अडला. रहमान कोण ते आपल्याला माहीत नाही, जुने नाव लिही, म्हणाला. अब्दुर्रहमान यांनी अब्द अम्र असे लिहून दिले. धर्मासाठी घर सोडलेला माणूस, पण कराराच्या कागदावर समोरच्याला पटेल ते नाव लिहायला त्यांनी खळखळ केली नाही.

मग हिजरी सन २च्या रमजानमध्ये, म्हणजे मार्च ६२४ मध्ये, बद्रची लढाई झाली. रोजे फर्ज झाले तेही याच वर्षी. मुसलमान जिंकले. उमय्या आणि त्याचा मुलगा अब्दुर्रहमान यांच्या हाती लागले आणि ते दोघांना सुरक्षित ठिकाणी नेऊ लागले. वाटेत हजरत बिलाल (रजि.) यांनी पाहिले. बिलाल पूर्वी याच उमय्याचे गुलाम होते. भर दुपारी तापलेल्या वाळूवर पाडून, छातीवर दगड ठेवून उमय्याने त्यांचा छळ केला होता. बिलाल यांनी अन्सारांना हाक दिली. लोक धावून आले. मुलगा आधी मारला गेला. उमय्या स्थूल होता, पळता येईना. अब्दुर्रहमान यांनी त्याला खाली बसायला सांगितले आणि त्याला वाचवण्यासाठी स्वतःला त्याच्या अंगावर झोकून दिले. लोकांनी खालून तलवारी खुपसून उमय्याला संपवले. एक घाव अब्दुर्रहमान यांच्या पायावर बसला. त्याची खूण ते पुढे दाखवत असत.

या प्रसंगात चूक कुणाची, हे ठरवायला बसणे सोपे नाही. बिलाल यांच्या पाठीवरचे वळ खरे होते आणि अब्दुर्रहमान यांचा शब्दही खरा होता. शत्रुपक्षातल्या माणसाशी केलेला व्यवहारही व्यवहारच असतो, अशी समजूत घेऊन हा व्यापारी रणांगणावर उभा होता, एवढे मात्र दिसते. बद्रनंतर कैनुका टोळीचेही मुसलमानांशी बिनसले आणि तिला मदिना सोडावी लागली. ज्या बाजारात अब्दुर्रहमान यांची बोहनी झाली तो बाजार मग पूर्वीसारखा राहिला नाही.

दुसऱ्या वर्षी उहुदची लढाई झाली. अब्दुर्रहमान यांना वीसहून अधिक जखमा झाल्या, पुढचे दात पडले, पायाच्या जखमेने ते कायमचे लंगडत चालू लागले. त्यांना निम्मी मालमत्ता देऊ करणारे साद बिन रबी त्याच लढाईत शहीद झाले. साद यांच्या मागे पत्नी आणि दोन मुली राहिल्या. त्या काळच्या रीतीप्रमाणे साद यांच्या भावाने सगळी मालमत्ता आपल्याकडे घेतली. साद यांच्या पत्नी पैगंबरांकडे आल्या: मुलींची लग्ने कशी व्हायची? त्यानंतर वारसाहक्काच्या आयती अवतरल्या आणि पैगंबरांनी त्या भावाला बोलावून दोन तृतीयांश मुलींना, आठवा हिस्सा पत्नीला आणि उरलेले त्याने घ्यावे, असा निवाडा दिला. बायका-मुलींना वारसा देणारा हा निवाडा ज्या मालमत्तेवर झाला, ती तीच होती जिच्यातला निम्मा वाटा अब्दुर्रहमान यांनी घेतला नव्हता.

दही-तुपाचा व्यापार कधीच मागे पडला होता. आता त्यांचे स्वतःचे उंट होते, शामपर्यंत काफिले जात होते. मदिनेबाहेर जुर्फ येथे वीस उंटांच्या मोटेवर चालणारी शेती होती. तिच्यातून घरचे वर्षाचे धान्य निघत असे. पिकवणे, वाहून आणणे आणि विकणे या तिन्ही ठिकाणी त्यांचा हात होता.

पैसा आला तशी टीकाही आली. इसवी सन ६३० मध्ये तबूकच्या मोहिमेसाठी पैगंबरांनी लोकांकडे मदत मागितली. उन्हाळा कडक, दुष्काळी दिवस. एका वृत्तांतानुसार अब्दुर्रहमान यांच्याकडे आठ हजार दिरहम होते. त्यांतले चार हजार घरासाठी ठेवून चार हजार त्यांनी आणून दिले. अबू अकील नावाच्या एका गरीब अन्साराने रात्रभर विहिरीचे पाणी ओढून दोन साअ, म्हणजे दोन मापे, खजूर मजुरी मिळवली. एक माप घरी ठेवले, एक आणून दिले. टवाळखोरांनी दोघांनाही सोडले नाही. मोठे दान देणारा दिखाऊ ठरला आणि खजूरवाल्याच्या दानाची अल्लाहला काय गरज, अशी चेष्टा झाली. कुरआनच्या तौबा या अध्यायातल्या ७९व्या आयतीने या टवाळीचा निषेध केला आहे. दोघांनीही आपल्याकडचे निम्मे दिले होते, हे चेष्टा करणाऱ्यांच्या लक्षात आले नाही.

याच तबूकच्या प्रवासात एके पहाटे पैगंबरांना यायला उशीर झाला. नमाजची वेळ टळू नये म्हणून लोकांनी अब्दुर्रहमान यांना इमाम म्हणून उभे केले. पैगंबर मागून आले आणि त्यांच्या मागे उभे राहून त्यांनी उरलेला भाग अदा केला. ज्या दहा सहाबींना हयातीतच जन्नतची शुभवार्ता मिळाली त्यांत अब्दुर्रहमान यांचे नाव आहे.

त्यांच्या सातशे उंटांच्या काफिल्याची कथा प्रवचनांतून फार सांगितली जाते. गहू, पीठ, धान्य लादलेला काफिला मदिनेत शिरला तेव्हा गाव दणाणले आणि श्रीमंतीमुळे अब्दुर्रहमान जन्नतमध्ये रांगत जातील अशी एक हदीस कानावर येताच त्यांनी उंटांसह सगळा माल दान केला, अशी ती कथा. हदीसच्या काही थोर अभ्यासकांनी रांगत जाण्याचा भाग अविश्वसनीय ठरवला आहे आणि त्यांचे म्हणणे पटते. श्रीमंत माणूस केवळ श्रीमंत म्हणून संशयित ठरावा, हे त्यांच्या बाकीच्या चरित्राशी जुळत नाही. दानाला मात्र त्या कथेचा आधार लागत नाही. एक जमीन त्यांनी हजरत उस्मान (रजि.) यांना ४० हजार दिनारांना विकली आणि सारी रक्कम आपल्या घराण्यातले गरजू, गावातले गरीब आणि पैगंबरांच्या विधवा पत्नी यांच्यात वाटून टाकली. मदिनेचे लोक अब्दुर्रहमान यांच्या घरचेच आहेत, असे म्हटले जाई: एक तृतीयांशांना ते बिनव्याजी कर्ज देतात, एक तृतीयांशांची कर्जे फेडतात आणि उरलेल्यांना भेट म्हणून देतात.

उधारीवर माल न विकणारा माणूस कर्ज मात्र देत होता. दुकानाचा पैसा वेगळा आणि माणुसकीचा वेगळा, दोन्हींची सरमिसळ केली की दोन्ही बुडतात, हे त्यांनी ओळखले असावे. नोकर-गुलामांच्या घोळक्यात ते चालत असले तर कपड्यांवरून मालक कोण ते ओळखू येत नसे, असेही नोंदलेले आहे.

आणि इफ्तारचा तो प्रसंग. बुखारींच्याच संग्रहात तो आहे. एके दिवशी अब्दुर्रहमान यांचा रोजा होता. संध्याकाळी रोजा सोडण्यासाठी जेवण पुढे आले. ताटाकडे पाहताना त्यांना उहुदवर शहीद झालेले हजरत मुसअब बिन उमैर (रजि.) आठवले. मुसअब मक्केच्या श्रीमंत घरातले लाडके तरुण. उंची कपडे आणि अत्तर यांसाठी ओळखले जाणारे. इस्लामसाठी सारे सोडले. शहीद झाले तेव्हा कफन म्हणून एकच चादर होती. डोके झाकले तर पाय उघडे पडत, पाय झाकले तर डोके. शेवटी डोक्यावर चादर घेऊन पायांवर सुगंधी गवत टाकले. पैगंबरांचे काका हजरत हमजा (रजि.) हेही तसेच गेले. ते दोघे आपल्याहून चांगले होते, असे अब्दुर्रहमान यांना वाटले. मग दुनिया आपल्यापुढे एवढी पसरली गेली. आपल्या चांगल्या कामांचा मोबदला इथेच चुकता तर होत नाही ना, अशी भीती त्यांच्या मनात आली. ते रडू लागले, इतके की समोरचे जेवण तसेच राहिले.

दिवसभर उपाशी राहिलेल्या माणसापुढचे ते ताट. आयुष्यभर लोकांच्या ताटात जाणारा माल विकून ते मोठे झाले होते. धंदा त्यांनी त्या संध्याकाळनंतर सोडला नाही. काफिले येत-जात राहिले. भीतीही त्यांनी टाकून दिली नाही.

पैगंबरांनंतरच्या काळात पैशांपेक्षा त्यांच्या सल्ल्याला किंमत होती. इसवी सन ६३९ मध्ये शाममध्ये प्लेग पसरला. खलिफा हजरत उमर (रजि.) वाटेत थांबले होते आणि पुढे जावे की परतावे यावर सरदारांत एकमत होईना. साथ असलेल्या गावात जाऊ नये आणि साथ असलेल्या गावातून पळून बाहेर पडू नये, ही पैगंबरांची शिकवण अब्दुर्रहमान यांनी येऊन सांगितली आणि वाद मिटला. पाच वर्षांनी उमर यांच्यावर प्राणघातक हल्ला झाला. नवा खलिफा निवडायला त्यांनी सहा जणांची समिती नेमली. अब्दुर्रहमान त्यांत होते. त्यांनी आपला स्वतःचा दावा सोडून दिला आणि त्या बदल्यात निवडीची जबाबदारी घेतली. तीन दिवस आणि तीन रात्री लोकांची दारे ठोठावत, एकेकाचे मत विचारत ते फिरले; झोप जवळजवळ घेतलीच नाही. अखेर उस्मान यांचे नाव पुढे आले. ही निवड योग्य होती का, यावर पुढे मुसलमानांमध्ये मतभेद राहिले. सत्ता हाताशी असताना ती घेतली नाही, याबद्दल मात्र वाद नाही.

हिजरी सन ३२, म्हणजे इसवी सन ६५२च्या सुमारास, सत्तरी ओलांडलेले अब्दुर्रहमान मदिनेत वारले. जन्नतुल बकी या कब्रस्तानात त्यांना दफन केले. मागे हजार उंट, तीन हजार मेंढ्या, शंभर घोडे आणि इतके सोने राहिले की ते कुऱ्हाडीने तोडून वाटताना माणसांच्या हातांना फोड आले, असे चरित्रकार इब्न साद लिहितात. चार पत्नी होत्या. आठव्या हिश्श्याचे चार भाग, म्हणजे प्रत्येकीला बत्तिसावा. त्यांतल्या तुमाजिर यांना त्यांनी शेवटच्या आजारात तलाक दिला होता. तरीही खलिफा उस्मान यांनी त्यांचा वारसा मान्य केला. तुमाजिर यांनी आपल्या वाट्याबद्दल सुमारे ८० हजारांवर तडजोड केली. बत्तिसाव्या हिश्श्याचे ८० हजार धरले तर सारी मालमत्ता २५ लाखांच्या वर जाते, आणि तडजोड नेहमी कमीवर होते. साद यांच्या पत्नी मुलींना घेऊन दाद मागायला आल्या तेव्हा जो आठवा हिस्सा ठरला होता, त्याच नियमाने ही वाटणी झाली.

मृत्युपत्रात त्यांनी ५० हजार दिनार अल्लाहच्या मार्गात ठेवले होते. बद्रच्या लढाईत भाग घेतलेल्यांपैकी जे हयात असतील त्या प्रत्येकाला ४०० दिनार द्यावेत, असेही लिहिले होते. शोध घेतला तेव्हा असे सुमारे शंभर जण निघाले. त्यांत गरीब होते तसे स्वतः खलिफा उस्मानही होते. उस्मान यांना पैशांची ददात नव्हती, पण अब्दुर्रहमान यांची कमाई स्वच्छ आणि हलाल आहे, तिच्यात बरकत आहे, असे सांगून त्यांनीही आपले ४०० दिनार घेतले.